नऊ बोटं

"काजूचा चीक तो, बाय," अंगठ्यावरच्या काळ्या डागाचा तुकडा तपासायला देताना लांज्याची हौसाबाई नम्रताला म्हणाली होती. "काजू फोडणारीचे हात काळेच. हंगाम सरला की आपसूक उजळतात. यंदा मी कामाला गेलेच नाही, तर माझी नऊ बोटं उजळली, हा एकटा अंगठाच हटून बसलाय."

रत्नागिरीच्या लॅबमध्ये नम्रताने त्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर रंग चढवला. कॅन्सरच्या पेशी असल्या तर त्या लाल दिसणार होत्या. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

"लालच लाल आहे. खोलवर गेलाय," ते म्हणाले. "बोटांना चिकाचं काळं नसतं, तर दोन वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी नजरेला आलं असतं."

संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या नम्रताने, काजूच्या फॅक्टरीतून नुकत्याच आलेल्या आईला मोरीत ओढलं आणि तिचे हात साबणाने खसाखसा घासायला घेतले. दहाच्या दहा बोटं काळीकुट्ट होती.

"अगो, सालटी काढशील माझी!" आई हसली. "हंगाम सरला की जातं ते."

हंगाम सरायला अजून दोन महिने होते.