फोनातली जागा

तारकर्लीच्या स्टॅनलीला होमस्टेच्या ड्रोन व्हिडिओसाठी फोनात जागा हवी होती. आई आत खाटेवर शेवटचे श्वास मोजत होती, तेव्हा या साहेबांनी ओसरीत बसून तिचे सगळे फोटो डिलीट केले. ती दुसऱ्याच दिवशी गेली.

आज चर्चमध्ये तिच्या तिसाव्या दिवसाची मिस्सा. वेदीजवळ ठेवायला फोटो हवा, म्हणून स्टॅनली सकाळीच माझ्या मोबाइलच्या दुकानात हजर.

"फैसल, फोटो परत काढून दी रे. डिलीट केलेले थंयच खंयतरी आसतले."

मी बघितलं. काही उरलं नव्हतं.

"फोन तीस दिवस सांभाळता, मगे कायमचे पुसून टाकता. महिनाभर एकदा पण उघडून बघूक नाय?"

"सीझन होतो रे, फुरसत खंय? पण व्हिडिओ बघलंस? गोव्यासून फोन येतत!" त्यानं तो मला पूर्ण दाखवला. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, "आता वेदीर काय ठेवूचा?"

मी त्याचा फोन त्याच्या हातात दिला.



"फोनात आवशीच्या जागेर जो व्हिडिओ ठेवलंस, तोच थंय पण ठेव."