घरोघरचा कौल

देशाचा कारभार कसा चालावा, हे शेवटी जनताच ठरवते. म्हणूनच नव्या देशाच्या घटना समितीने घरोघर प्रश्न पाठवला: सत्ता एका राष्ट्राध्यक्षाच्या हाती द्यायची, की संसदेच्या? प्रश्न घेऊन फिरणाऱ्यांत एक शाळामास्तरीण होती. बिनपगारी रजा टाकून तिने आठ महिने दारं ठोठावली, दोनदा कुत्रं चावून घेतलं, आणि उत्तरांचा शेवटचा गठ्ठा समितीत जमा करून ती थेट भावाच्या सुतारखान्यात आली.

"दादा, शंभरात ऐंशी लोक संसद म्हणतायत. आता बघच तू."

दादा एका उंच पाठीच्या खुर्चीवर मखमल ताणून बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"ही कुणाची रे?"

"राष्ट्राध्यक्षांची."

"कुठले राष्ट्राध्यक्ष? अजून गठ्ठे सोडलेसुद्धा नाहीत, आणि तू नवी खुर्ची करायला घेतलीस? सख्खा भाऊ ना तू माझा?"

"नवी कुठली, अगं."

दादाने मखमलीत एक खिळा ठोकला.

"दुरुस्तीला आलीय. वर्षभर बसून गादी दबलीय."