पोटकान

बारशाच्या गडबडीत बाळ कुरकुरू लागलं, तेव्हा शलाकाआत्याने त्याच्या बेंबीभोवती हिंग लावायला घेतला. आड आलं ते पोटकान. आतड्यांचे आवाज ऐकणारी ती चकती हल्ली प्रत्येक तान्ह्या बाळाच्या पोटावर असे. अंगावरून सुटली की तिला जोडलेला फोन केकाटे, म्हणून शलाकाने ती काढून पटकन स्वतःच्याच पोटावर चिकटवली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अहो आत्याबाई, नाव ठेवताय की आम्ही जेवून घेऊ?"

ती हसत पाळण्याकडे धावली आणि चकती विसरली.

संध्याकाळी बाळाला हिरवी उलटी झाली. भावजयीने, ऋचाने, घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिकडूनच पोटकान ऐकलं.

"काही मुलांचं आतडं जन्मतःच नीट बसलेलं नसतं. त्याला पीळ पडतो, रक्त पोचत नाही. पण इथे आवाज अगदी सुरळीत आहेत. सकाळी आणा."

शलाकाचा हात पदराखाली गेला.

"ताई, तुम्ही होतात म्हणून धीर आला," ऋचा म्हणाली. दुपट्यातलं बाळ आता रडतही नव्हतं.

सांगितलं तर ही पुन्हा कधी बाळ हातात देणार नाही, हे शलाकाला कळत होतं. तिने चकती सोलून काढली. फोन केकाटू लागला.

"डॉक्टर, तुम्ही ऐकलंत ते माझं पोट."

"ताबडतोब निघा! केव्हा काढलंत ते?"

ऋचा बाळाला घेऊन जिना उतरू लागली होती.

"नाव ठेवायच्या आधी," शलाका म्हणाली.