भोकाची कड

क्षार फासून नऊशे अंशांच्या भट्टीत शंभर तास टांगलेली चाचणीची चकती ढवळे मॅडमनी चिमट्याने साहेबांपुढे धरली. तिच्यावरचं गंज रोखणारं निकेल-ॲल्युमिनाइडचं कोटिंग शाबूत होतं. फक्त टांगायच्या भोकाभोवती हिरवट पापुद्रे सुटले होते.

“भोकाची कड आपण कधीच हिशेबात धरत नाही, मॅडम,” साहेब वैतागले. “‘पास’ लिहा आणि सही करा. उद्या विमानाची इंजिनं बनवणारे येताहेत.”

वीस वर्षं लॅबमधल्या सगळ्यांनी ती कड सोडूनच दिली होती. मॅडमनीसुद्धा.

“सर, हे कोटिंग ज्यावर बसणार त्या इंजिनच्या पात्याला गार हवा खेळवायला अशी किती भोकं पाडतात?”

साहेबांनी नुसतं पेन पुढे केलं.

“शंभरावर!” मॅडमनी ‘नापास’ लिहून ठसठशीत सही ठोकली. “आता कपाटातल्या जुन्या चकत्याही बाहेर काढा. त्यांच्या ‘पास’खालीही माझीच सही आहे.”