आत्याकडची पर्ची

"ही ट्यूब किती महिने लावतेयस?" डॉ. अरुंधतींनी विचारलं.

संहितानं आईकडे पाहिलं. उत्तर पद्मजाबाईंनीच दिलं. "चार-पाच झाले असतील. पण मॅडम, आधी तर चेहरा एकदम साफ झाला होता. पंधरा दिवसांत पिंपल्स गायब! रिश्तेदार पूछत होते, काय लावते म्हणून."

आता त्याच गालांवर लाल चट्टे होते, कातडी पातळ झाली होती आणि हनुवटीवर पूर्वीच्या दुप्पट पुटकुळ्या. एकोणीस वर्षांच्या या पोरीनं तोंडावरचा दुपट्टा सोडायलाच पाच मिनिटं लावली होती. कॉलेज तर महिन्यापासून बंदच होतं.

अरुंधतींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या आठवड्यातली ही तिसरी मुलगी.

"मुरूम म्हणजे घाण नव्हे, पद्मजाताई. या वयात त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात. नीट औषध घेतलं तरी दोन-तीन महिने लागतात. ही स्टेरॉइडची ट्यूब आहे, मुरमांवर लावायचीच नाही. मेडिकलवाल्यानं दिली ना?"

"असंच नाही हो घेतलं! पर्चीवर घेतलं. एमडी डॉक्टरची आहे."

"एमडी असो नाहीतर ब्रह्मदेव!" अरुंधतींचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "कुठंय ती पर्ची?"

"हिच्या आत्याकडे, देपालपुरला. शोभनाताईंनी लॅमिनेट करून ठेवलीय. सहा साल झाले. घरात ज्याला लागेल तो फोटो मागवतो, मेडिकलवाला बघून देतो."

लॅमिनेट! हसावं की डोकं आपटावं, अरुंधतींना कळेना.

"तुम्हाला नंतर बघते, त्या दुकानदारालाही. आधी तो लिहिणारा. पेशंटला समजवायला वेळ नाही, नुसत्या चिठ्ठ्या खरडायच्या आणि पुढचा बोलवायचा!"

त्यांनी लेटरहेड ओढलं आणि मेडिकल कौन्सिलला तक्रार लिहायला घेतली. चांगली दहा ओळींची, सणसणीत. खाली सही ठोकली. डॉक्टरच्या नावाची जागा तेवढी कोरी ठेवली.

"दाग जातील ना, मॅडम?" संहितानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"बरेचसे जातील. वेळ लागेल."

"मग छोडू नका त्याला." पोरीचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"नाही सोडणार. शब्द देते तुला." अरुंधतींनी पेन उचललं. "बोला पद्मजाताई, नाव काय त्याचं?"

"तेच तर वाचता येत नाही. डॉक्टर लोकांचं अक्षर!" पद्मजाबाईंनी मोबाइल पुढे केला. "तुम्हीच बघा."

फोटो स्वच्छ होता. वर मोफत तपासणी शिबिराचं नाव. शोभना, वय बावन्न, पायाला खाज. मलम, दिवसातून दोनदा. किती दिवस, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. खाली सही होती. तक्रारीखाली अरुंधतींनी आत्ताच केली होती, तीच.