चाकूची किंमत

जिनिव्हाला लेकीकडे येऊन मोरेश्वर कर्णिकांना आठवडा झाला, तरी तिच्या लग्नाला त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. चाळीस वर्षं बँकेत नोटा पारखलेल्या माणसाला परदेशी जावई असा उभ्या उभ्या थोडाच पारखता येणार!

आज मुलाची आई, मादाम रोशा, भेटायला आल्या. त्यांनी कर्णिकांच्या हातात लाकडी मुठीचा सुरेख चाकू ठेवला आणि लगेच स्वतःचा तळहात पुढे केला.

“पाच सांतीम मागतायत, अप्पा,” केतकी म्हणाली.

“भेट देऊन वर पैसे? आणि तेही फ्रँकचा विसावा हिस्सा?” कर्णिक उखडले. “मागायचं तर धड मागावं तरी!”

“अहो, चाकू फुकट दिला तर नातं कापलं जातं, असं इथे मानतात. म्हणून नाणं देऊन तो विकत घ्यायचा. त्यांना तुमच्याशी नातं टिकवायचंय.”

कर्णिकांनी त्या तळहाताकडे पाहिलं. कर्णिक उखडले तरी तो अजून तसाच पुढे धरलेला होता. या बाईलाही आठवडाभर झोप नसणार, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

त्यांनी पाकीट टेबलावर उपडं केलं. एक फ्रँक, एक वीस सांतीमचं नाणं आणि एक पाचाचं निवडून त्यांनी तिन्ही त्या तळहातावर ठेवली.

“अप्पा, जास्त होतायत!”

“होऊ देत. शुभकार्याला आमच्यात सव्वाच लागतो. सांग तसं तुझ्या सासूबाईंना.”

केतकीने तोंड उघडलं, पण तिला फ्रेंचच आठवेना.