पुसलेला व्रण

यंत्राच्या पडद्यावर मृण्मयीचं पोट आतून-बाहेरून नितळ दिसत होतं.

“ताई, तुमचं सिझर झाल्याची खूणच नाही,” तरुण डॉक्टर इनामदार म्हणाली.

“कशी असेल? व्रण पुसणारं जेल लावलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळं साफ. केवढं कौतुक झालं होतं!”

त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बेंबीखालची कातडी बधिर होती, आणि खाली वाकलं की आत ओढ बसून डोळ्यांपुढे अंधारी यायची. दरवेळी यंत्र ‘निरोगी’ म्हणायचं आणि नवरा तो रिपोर्ट वाचून दाखवायचा. हल्ली मृण्मयीलाही वाटायचं, आपलंच मन खोटं बोलतंय.

डॉक्टरने यंत्र बंद केलं आणि बोटांनी तिचं पोट हळूहळू चाचपलं. एका जागी मृण्मयी कळवळली.

डॉक्टरचा हात तिथेच थांबला.

“माझ्या बहिणीलाही तेच जेल लावलं होतं,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “तीही इथंच दुखतं म्हणते. मी तिला हात न लावताच सांगितलं, तुला काही झालेलं नाही.”

मृण्मयीने डोळे पुसले.

“आधी तिला फोन करा,” ती म्हणाली. “मी थांबते.”